पीएमईजी: एस्पेरान्तोचं क्रियापद जिथे अडतं तिथे

एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेचे काळ दहा मिनिटांत येतात. लेगास म्हणजे वाचतो, लेगिस वाचलं, लेगोस वाचेन. लिंग, वचन, पुरुष कोणताही असो, रूप तेच. गाडी अडते ती क्रिया चालू आहे की पुरी झाली हे सांगताना. बेर्तिलो वेन्नेर्ग्रेन यांचं 'पीएमईजी' हे जाडजूड व्याकरण उघडावं ते तेव्हा. जालावर मोफत वाचता येतं, छापीलही निघालं आहे.

यातला धातुसाधितांचा भाग सर्वांत कसदार. 'ला दोमो एस्तिस कोन्स्त्रुआता' म्हणजे घर बांधलं जात होतं, 'कोन्स्त्रुइता' म्हणजे बांधून झालं होतं, 'कोन्स्त्रुओता' म्हणजे अजून बांधायचं होतं. काळ सांगतो 'एस्तिस'. काम कुठवर आलं ते आत, इत, ओत सांगतात. मग '1990 साली घर बांधलं गेलं' याला 'कोन्स्त्रुआता' की 'कोन्स्त्रुइता'? यावर एस्पेरान्तोवाले वर्षानुवर्षं भांडले; एस्पेरान्तोच्या अकादमीने 1967 मध्ये 'इता'च्या बाजूने कौल दिला. काम पुरं झालं, म्हणून 'कोन्स्त्रुइता'. 'कोन्स्त्रुआता' म्हटलंत तर त्या साली बांधकाम चालू होतं, एवढंच कळेल.

मराठी माणूस हमखास घसरतो तो 'वाचतोय'वर. 'मी एस्तास लेगान्ता' (शब्दशः 'मी वाचत आहे') हे जोडरूप चूक नाही, पण उगाच अवजड. 'मी लेगास' पुरतं, फार तर 'नुन' (आत्ता) जोडा. (हो, तिथेही 'मी' म्हणजे मीच!) 'वाचलं होतं'चंही तसंच: बहुतेक वेळा 'याम (आधीच) लेगिस'वर भागतं. साधं रूप चालत असेल तिथे जोडरूप नको, हा या व्याकरणाचा आग्रह अगदी रास्त आहे.

उलट एका ठिकाणी मराठी कामी येते. 'तो म्हणाला, मी येईन' यात येईन हा भविष्यकाळ तसाच राहतो. एस्पेरान्तोतही 'ली दिरिस, के ली वेनोस'. इंग्रजीच्या वळणाने 'वेनुस' लिहिणारे फसतात, कारण 'उस' फक्त संकेतार्थाचा, 'वेळ असता तर आलो असतो' अशा वाक्यांचा.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सगळा मजकूर एस्पेरान्तोतच, त्यामुळे अगदी नवख्याच्या हाती देऊ नये. स्वाध्याय एकही नाही. उदाहरणं बरीचशी एस्पेरान्तोचा जनक झामेनहोफच्या लेखनातली, त्यामुळे भाषा कुठेकुठे जुनाट वाटते; पण पुढे मूळ ठिकाणाची खूण असते, हे मोलाचं. सर्वांत गैरसोयीचं म्हणजे क्रियेची सुरुवात दाखवणारा 'एक' हा उपसर्ग (एककुरी, पळू लागणे) आणि सातत्याचा 'आद' हा प्रत्यय (लेगादी, वाचत राहणे) काळांजवळ नाहीत, शब्दसिद्धीच्या विभागात आहेत. काळ आणि धातुसाधितं झाली की थेट तिकडे जा, जोडरूपं त्यानंतर वाचा. त्यातली अर्धीअधिक तोवर नकोशी झालेली असतील.