मूळ जन्मदाखला नसताना व्हिसाचा अर्ज : आमच्या फसवणुकीची हकीकत

खेड्यात, घरी, सुईणीच्या हातून जन्मलेल्या माणसांच्या जन्माची नोंद झाली होती का, झाली असल्यास कोणत्या वहीत आहे, हे त्यांच्या घरातही कुणाला ठाऊक नसते. अशी माणसे महाराष्ट्रात असंख्य आहेत आणि त्यांची मुले परदेशात स्थायिक झाली की एके दिवशी त्यांच्याकडेही जन्मदाखला मागितला जातो. त्या वेळच्या घाबरलेपणावर जगणारे लोक आपल्या शहरांत कार्यालये थाटून बसलेले आहेत. अशाच एकाने माझ्या आईच्या प्रकरणात काय केले, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण त्याने विकलेल्या कागदाची आम्हाला गरजच नव्हती. कायद्यात आणि वकिलातीच्या नियमांतही सरळ वाट होती, आणि ती त्याने आमच्यापासून लपवली.

माझी थोरली बहीण अमेरिकेची नागरिक आहे. वडील गेल्यानंतर आईने आपल्याजवळ राहावे म्हणून तिने आय-१३० ही, नातेवाइकाला अमेरिकेत कायमचे बोलावण्यासाठीची, याचिका दाखल केली. ती मंजूर होऊन प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागदपत्रे गोळा करणाऱ्या अमेरिकन कार्यालयाकडे, गेले आणि तिथून कागदपत्रांची मागणी आली. पासपोर्ट, विवाहाचा पुरावा, वडिलांचा मृत्यूदाखला हे सारे घरात होते. फक्त आईचा जन्मदाखला नव्हता. आईचा जन्म १९५४ सालचा, तेव्हाच्या दक्षिण सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, तिच्या आजोळच्या घरी झाला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तिची जन्मतारीख १ जून लिहिली. त्या पिढीतल्या हजारो मुलांची तारीख शाळेने अशीच १ जून लावली, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत असे आणि वयाचा हिशेब त्यामुळे सोपा जात असे. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून तीच तारीख आधार कार्डावर आणि पासपोर्टवर आली. आजी मात्र शेवटपर्यंत सांगत असे की आईचा जन्म पौषातला, कडाक्याच्या थंडीतला.

एका परिचिताने पुण्यातल्या एका व्हिसा सल्लागाराचे नाव सुचवले. कार्यालय प्रशस्त होते, भिंतीवर परदेशी गेलेल्या कुटुंबांची छायाचित्रे होती आणि बोलण्यात कमालीचा आदर होता. आमची कागदपत्रे चाळून त्याने गंभीरपणे सांगितले की जन्मदाखला नसेल तर फाइल थेट बाद होते, पुन्हा संधी मिळत नाही. मग आईकडे वळून तो म्हणाला, "मावशी, तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुमच्या गावची जुनी वही आमचा माणूस शोधून काढेल." वही शोधण्याची फी, तालुक्याच्या ठिकाणचा खर्च, कागदावर शिक्के मारून घेण्याचा खर्च आणि वकिलातीची फी, अशा निरनिराळ्या नावांनी त्याने आमच्याकडून सुमारे पावणेदोन लाख रुपये घेतले. त्यातले बरेचसे रोख, पावतीशिवाय, आणि उरलेले एका खासगी व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर. वकिलातीच्या फीबद्दल इथेच सांगतो, कारण खोटेपणा ओळखण्याची ती सर्वांत सोपी जागा आहे. या टप्प्यावर व्हिसाच्या अर्जासाठी ३२५ डॉलर आणि प्रायोजकाच्या हमीपत्रासाठी १२० डॉलर भरावे लागतात, आणि ते अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर, अमेरिकेतल्या बँक खात्यातूनच भरता येतात. आमच्या प्रकरणात ते बहिणीने आधीच भरलेले होते. भारतात बसलेला माणूस त्याच नावाने रोख रक्कम मागत असेल, तर ती रक्कम वकिलातीकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही.

काही आठवड्यांनी त्याने दोन कागद हातात ठेवले. एक होते संगणकावर छापलेले जन्म प्रमाणपत्र, त्यावर नोंदणी क्रमांक, ग्रामपंचायतीचा गोल शिक्का, सही आणि क्यूआर कोड. दुसरी होती १९५४ सालच्या नोंदवहीच्या पानाची छायाप्रत, ज्यात आईचे पूर्ण नाव आणि १ जून ही तारीख स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती. वही सापडली म्हणून घरात आनंद झाला. आईने तर त्या पानाला हात लावून नमस्कार केला. सल्लागाराने ते कागद स्वतःच ऑनलाइन चढवले, कारण प्रकरणाच्या ऑनलाइन खात्यात संपर्कासाठी त्याने बहिणीच्या नकळत स्वतःचा ईमेल पत्ता घातला होता. आईचा मूळ पासपोर्ट आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखलाही त्याने 'फाइलसाठी' म्हणून ठेवून घेतला होता, आणि मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी उरलेले पैसे मिळाल्यावरच परत केला.

मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत झाली. मराठी दुभाषी उपलब्ध होता. अधिकाऱ्याने बहिणीविषयी, वडिलांविषयी विचारले आणि नंतर जन्मदाखला हातात घेऊन, ही तारीख कुणी सांगितली, असे विचारले. आईने खरे तेच सांगितले : तारीख शाळेतल्या गुरुजींनी घातली, जन्म पौषातला. शाळेने अंदाजाने लावलेली तारीख जन्माच्या वेळी लिहिलेल्या वहीत कशी असेल, हा प्रश्न त्या अधिकाऱ्याला पडणे स्वाभाविक होते. आईच्या हाती अमेरिकन स्थलांतर कायद्याच्या कलम २२१(जी) खालचे पत्र देण्यात आले, म्हणजे व्हिसा तूर्त नाकारला असून कागदाची पडताळणी होईपर्यंत प्रकरण थांबले आहे.

त्यानंतर माझा मामेभाऊ गावच्या ग्रामपंचायतीत गेला. तिथल्या ग्रामसेवकांनी प्रमाणपत्राची प्रत पाहताच सांगितले की हे आमच्या कार्यालयातून गेलेले नाही. हा क्रमांक आमच्या क्रमात बसत नाही आणि १९५४ ची वही इथे नाहीच. क्यूआर कोड उघडल्यावर जे पान दिसत होते ते सरकारी संकेतस्थळासारखे रंगवलेले होते, पण त्याच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नव्हते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या केंद्रीय संकेतस्थळाची अशी नक्कल करून बनावट दाखले देणाऱ्या टोळ्या देशाच्या अनेक भागांत पोलिसांनी पकडलेल्या आहेत. क्यूआर कोड आहे म्हणून कागद खरा, असे कुणीही मानू नये; तो कोणत्या पत्त्यावर नेतो हे अक्षर न् अक्षर वाचून पाहावे.

नोंदवहीच्या पानाची गोष्ट तर याहून गंभीर होती. त्यावर वरच्या बाजूला 'महाराष्ट्र शासन' आणि 'जिल्हा सांगली' असे छापलेले होते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले आणि दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नावही १९६० मध्येच मिळाले. आज दिलेल्या प्रमाणपत्रावर आजचे राज्य आणि आजचा जिल्हा असणे योग्यच आहे, परंतु १९५४ मध्ये भरलेल्या वहीच्या पानावर ही नावे छापलेली असणे अशक्य आहे. शिवाय जुन्या गावनोंदींमध्ये, ज्यांना आपण कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ म्हणतो, बाळाचे नाव बहुधा लिहिलेलेच नसते, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली असते. तिथे वडिलांचे नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच सापडते. जुन्या वहीच्या नकलेत बाळाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे सगळे पासपोर्टबरहुकूम जुळलेले दिसले, तर समाधान मानण्याऐवजी संशय घ्यावा.

आता खरी वाट कोणती, ते लिहितो. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार कुणालाही निबंधकाकडे नोंदीचा शोध मागता येतो. गावात हे काम ग्रामसेवकाकडे आणि शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाकडे असते. नोंद सापडली आणि फक्त कागद हरवलेला असला, तर त्याच नोंदीवरून सही-शिक्क्याचे नवे प्रमाणपत्र मिळते आणि वकिलातीला तेवढे पुरते. जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असण्याचा संभव असतो, म्हणून तिथेही अर्ज द्यावा. नोंद सापडली नाही, तर नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र नमुना १० मध्ये मागावे. या कागदाला अत्यल्प शुल्क पडते आणि तो देणे हे निबंधकाचे कामच आहे. अमेरिकन परराष्ट्र खात्याने भारतासाठी जाहीर केलेल्या कागदपत्रांच्या माहितीत जन्मदाखला न मिळाल्यास काय द्यावे हे स्पष्ट लिहिले आहे : अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र, त्यासोबत शाळेचा दाखला यांसारखा दुय्यम पुरावा, आणि आई-वडिलांचे किंवा अर्जदारापेक्षा वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात नाते काय, जन्माची माहिती त्यांना कशी आहे, जन्मस्थळ कोणते आणि आई-वडिलांची नावे काय, हे नमूद करावे. शाळेतून केवळ दाखल्यावर न थांबता जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या विद्यार्थी-नोंदवहीचा, प्रवेश-निर्गम उताराही मुख्याध्यापकांच्या सहीने घ्यावा. हे सगळे कागद आम्हाला गावातूनच, कुणालाही एक पैसा वर न देता मिळाले. आईची सख्खी आत्या अजून हयात आहे आणि आईच्या जन्माच्या वेळी ती त्याच घरात होती; तिचे प्रतिज्ञापत्र हा आमच्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा होता आणि त्या सल्लागाराने आमच्याकडे घरात कोणी वडीलधारे आहे का, एवढेही कधी विचारले नव्हते.

'आम्ही नव्याने नोंदणी करून देतो' असे सांगणारेही पुष्कळ आहेत, त्यांच्याविषयी थोडे. एक वर्षाहून अधिक उशीर झालेली नोंदणी कलम १३ खाली दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच होते. पूर्वी हा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होता आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. मार्ग कायदेशीर आहे, पण माहिती खरी असेल तरच. पुरेशा पुराव्याशिवाय दिलेली अशी अनेक उशिराची प्रमाणपत्रे महाराष्ट्रात गेल्या काही काळात फेरतपासणीत रद्द झाली आहेत. सत्तर वर्षांनंतर केलेल्या नोंदणीला वकिलात जन्मवेळच्या नोंदीइतके वजनही देत नाही. दुय्यम पुरावा तरीही द्यावाच लागतो.

बनावट कागदाची किंमत पैशांत मोजता येणारी नाही. अमेरिकेच्या कायद्यात महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटी माहिती किंवा खोटा कागद देणाऱ्याला कायमचे अपात्र ठरवता येते. स्थलांतराच्या व्हिसासाठी यातून सूट मागायची, तर अर्जदाराचा जोडीदार किंवा आई-वडील अमेरिकेचे नागरिक अथवा कायम रहिवासी असावे लागतात. मुलगी नागरिक असून त्यासाठी उपयोगी पडत नाही. माझ्या विधवा आईला ती सूट मिळूच शकत नाही, हे कळल्यावर बहीण कितीतरी वेळ फोनवर काही बोलूच शकली नाही. कॅनडात अशा खोट्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी आहे आणि ब्रिटनमध्ये फसवणुकीचा वापर सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जातात. जन्मदाखला नसणे हा कुठेच गुन्हा नाही. खोटा जन्मदाखला मात्र माणसाला त्याच्या मुलांपासून कायमचा तोडू शकतो, आणि तो विकणाऱ्याला हे पूर्ण माहीत असते. म्हणून मला हा व्यवहार साध्या लबाडीहून फार क्रूर वाटतो.

ज्यांचे प्रकरण सध्या एखाद्या सल्लागाराच्या हाती आहे त्यांनी आजच दोन गोष्टी पाहाव्यात. मुंबईच्या प्रकरण क्रमांकाची सुरुवात 'बीएमबी' या अक्षरांनी होते. तो क्रमांक आणि त्यासोबतचा इन्व्हॉइस क्रमांक हाती असला की याचिकाकर्त्याला आणि अर्जदाराला स्वतः खात्यात शिरून चढवलेला प्रत्येक कागद पाहता येतो. हे दोन क्रमांक सल्लागार देत नसेल, तर त्याचे काम तिथेच थांबवावे. दुसरे म्हणजे डीएस-२६० हा स्थलांतराच्या व्हिसाचा ऑनलाइन अर्ज दुसऱ्याने भरून दिला असेल तर तसे त्यात नमूद करावे लागते आणि सही अर्जदाराने स्वतः करायची असते. आमच्या अर्जात भरून देणाऱ्याच्या जागी कुणाचेच नाव नव्हते. मजकूर सारा त्याने भरला आणि कागदावर जबाबदारी एकट्या आईची राहिली.

बहिणीने अमेरिकेतल्या एका इमिग्रेशन वकिलाच्या सल्ल्याने वकिलातीला लेखी निवेदन दिले. त्यात तो कागद कुणी, कसा दिला, पैसे कुठल्या खात्यावर गेले, आईने मुलाखतीत काय सांगितले, हे सारे लिहिले आणि नमुना १० मधले प्रमाणपत्र, शाळेचा उतारा आणि आत्याचे प्रतिज्ञापत्र जोडले. इकडे आम्ही पोलिसांकडे तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे आणि जन्मनोंदवहीसारख्या सार्वजनिक नोंदीची बनावट करणाऱ्याला कलम ३३७ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यूपीआयने दिलेल्या रकमेसाठी १९३० या मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवली. रोख दिलेल्या पैशांचा मात्र कोणताही माग नाही. ग्रामपंचायतीनेही तो दाखला आपला नसल्याचे लेखी दिले आहे आणि ते पत्र पोलिसांच्या व वकिलातीच्या अशा दोन्ही फायलींत लागले आहे. सल्लागाराच्या कार्यालयाला आता कुलूप आहे, परंतु त्याच्याकडे आमच्यासारखी आणखी कुटुंबे येत होती हे आम्ही तिथे बसून पाहिलेले आहे. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर मुलाखतीची तारीख येण्यापूर्वी आपला दाखला घेऊन स्वतः आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत जावे आणि त्यावरचा क्रमांक तिथल्या वहीशी ताडून पाहावा. आमच्या आईचे प्रकरण अद्याप पडताळणीत आहे.