शेल्टी पाळून चौदा महिने: चिंगीबद्दल खरं खरं

इंग्लंडात लीड्सला आमच्या घरी चिंगी आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती. त्याला आता चौदा महिने झाले. जात शेल्टी, म्हणजे शेटलंड शीपडॉग, मेंढ्या राखणारं छोटं कुत्रं. आणण्याआधी जिथे तिथे वाचलं होतं की हुशार, मायाळू, लहान घरातही मजेत राहते. त्यात खोटं काही नाही. फक्त भुंकण्याबद्दल एकच ओळ असायची, तिथे दोन पानं हवी होती.

कुरिअरवाला आला की भुंकणार. समोरच्यांनी गाडीचं दार लावलं की भुंकणार. मी शिंकलो तरी. तिसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांची चिठ्ठी आली, अगदी सभ्य इंग्रजीत, त्यामुळे जास्तच लागली. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर या कुत्र्यांचं कामच ते होतं: घराजवळच्या पिकात मेंढ्या शिरल्या की आरडाओरडा करून त्यांना हुसकावायचं. तिथल्या बोलीत शेतवाडीला ‘टून’ म्हणतात, म्हणून यांना ‘टूनी’ म्हणत. आता तिच्या आजीपणजीने पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामावर भाकरी खाल्ली, ते काम चिंगीने माझ्या ऑनलाइन मीटिंगसाठी सोडावं कसं? रागावून काही होत नाही. आपण ओरडलो की तिला वाटतं, हाही साथीला आला. शेवटी उपयोग झाला तो असा: दोनदा भुंकू द्यायचं, खिडकीशी जाऊन ‘बघितलं हं’ म्हणायचं आणि गप्प झाल्या क्षणी खाऊ द्यायचा. चार महिने लागले. भुंकणं निम्म्यावर आलं. बंद होईल अशी आशा ठेवू नका.

रस्त्यात लोक हमखास ‘मिनी कोली’ म्हणतात, म्हणजे कोली या मोठ्या मेंढपाळ कुत्र्याची छोटी आवृत्ती. हे भांडण जुनं आहे. १९०९ साली कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबने यांना ‘शेटलंड कोली’ म्हणून मान्यता दिली, तेव्हा कोलीवाले बिथरले, आणि १९१४ मध्ये नाव बदलून ‘शीपडॉग’ झालं. मादीची उंची खांद्याशी साधारण ३५ सेंटिमीटर. सांगलीहून आई आली तेव्हा तिने चिंगीला वरून खाली न्याहाळलं. तिने आयुष्यभर पाहिलेली धनगरांची कुत्री वेगळीच. लांडग्याच्या अंगावर जाणारी. म्हणाली, ‘ह्ये मेंढरांचं कुत्रं? मेंढरू बसलं तर चेपून मरंल की गं बाई.’ आईचं अगदीच चुकलं नव्हतं. यॉर्कशायर डेल्समध्ये पहिल्यांदा खऱ्या मेंढ्या दिसल्या, तेव्हा त्यांनी चिंगीकडे पाहिलं, चिंगीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती माझ्या पायांमागे येऊन उभी राहिली. (साखळी हातात होतीच. इथे कुत्र्याने मेंढ्यांना त्रास दिला तर मालकावर गुन्हा दाखल होतो.)

माणसं मात्र ती चोख वळते. जेवायला चौघं टेबलाशी आणि मुलगा वर खोलीत असला की तिचा जीव थाऱ्यावर नसतो. जिन्याच्या तीन फेऱ्या, मग त्याच्या पोटरीला नाकाने ढुसणी. पळणारी पोरं, सायकली, जॉगिंग करणारे, सगळ्यांच्या मागे लागायचा मोह तिला होतो, म्हणून मोकळं सोडतो ते फक्त कुंपण असलेल्या मैदानात. रोज तासभर चालणं पुरतं, पण डोक्याला काम लागतं. जुन्या टॉवेलच्या घड्यांत तिच्या खाण्याचे दाणे लपवून ते शोधायला दिले की वीस मिनिटं शांतता.

केसांचं भय मी जास्तच धरलं होतं. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. युक्ती एकच: वरवर ब्रश फिरवायचा नाही. आधी पाण्याचा हलका फवारा, मग भांग पाडल्यासारखे केस बाजूला करत कातडीपर्यंत जायचं, एकेक ओळ. वरून चकचकीत दिसतं आणि खाली नमद्यासारखी जट बसलेली असते. सगळ्यात वाईट जागा कानांच्या मागे, तिथले केस कापसासारखे मऊ. आणि मागच्या मांड्यांवरचा झुपका, ज्याला आम्ही धोतर म्हणतो. वसंतात आतली लोकर गळते तेव्हा वरणातही केस सापडतो. उन्हाळ्यात मशीन फिरवून टाकावी असं वाटतं. ते करू नका. दुहेरी केसांचा थर उन्हापासूनही वाचवतो आणि एकदा भादरला तर नीट परत येईलच असं नाही.

याच केसांनी एक घोटाळा केला. आई होती तेव्हा चिंगीला रोज तूपपोळीचा घास मिळायचा. अंगावर काही दिसलं नाही, आणि काट्यावर साडेआठ किलोची चिंगी दहाच्या वर. डॉक्टरांनी मला हाताची मूठ वळायला लावली, सांध्यांवरून बोट फिरवायला लावलं. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं बारीक आहे. मूठ उघडून तळव्याच्या बाजूने बोटांच्या बुडाशी चाचपलं तशा लागल्या तर जाड. आमची जाड होती. शेल्टींमध्ये रक्तातली चरबी वाढायची प्रवृत्ती असते, त्यामुळे तूप बंद. कांदा-लसणाचं आणि मनुकांचं आईला आधीच सांगितलं होतं, कारण ते सगळ्याच कुत्र्यांना विषारी.

दुसरा प्रसंग आठवला की अजून पोटात गोळा येतो. चिंगीला जुलाब लागले, रात्रीचे अकरा, आणि माझ्या हातात आमचीच, माणसांची जुलाब थांबवायची लोपरामाइडची गोळी. बायको म्हणाली, आधी फोन कर. फोनवरच्या डॉक्टरबाईंनी जात विचारली आणि ‘अजिबात नको’ म्हणाल्या. कोली आणि तिच्या भावकीतल्या काही कुत्र्यांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असतो. त्यामुळे लोपरामाइडसारखी काही औषधं मेंदूत शिरतात, तिथून बाहेर काढली जात नाहीत. शेल्टीत हे प्रमाण कोलीपेक्षा कमी, पण असतं. नंतर गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून तपासणी केली. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष निघाली. आता तो कागद तिच्या फाइलवर सगळ्यात वर लावलाय.

पिल्लू घेताना आईबापांच्या तपासण्या मागा, आणि पिल्लाचे डोळे सहा-सात आठवड्यांतच पाहिले होते का ते विचारा. कोलीच्या भावकीत डोळ्याच्या आतल्या पडद्याचा एक जन्मजात विकार असतो, तो नंतर रंगद्रव्याखाली झाकला जाऊ शकतो. निळसर ठिपक्यांच्या मर्ल रंगावर भाळला असाल तर आईबाप दोघंही मर्ल नाहीत ना, एवढं नक्की बघा. तशा जोडीची काही पिल्लं आंधळी-बहिरी निघतात.

आम्ही १,२०० पौंड दिले, विम्याला महिन्याला ३० जातात. त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते भारतात जायचं. एकदा तिला चार दिवस कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी फोन: खात नाही, आवाज बसलाय. आणायला गेलो तेव्हा भुंकायला तोंड उघडत होती, आवाज फुटत नव्हता. आता सांगलीला सगळे एकदम जात नाही. या डिसेंबरला मी आणि मुलगा जाणार, बायको थांबणार. पुढच्या वर्षी उलट.