जीपीएल प्लगइन की बिनलायसन्सचं ॲड-ऑन?

हिंगणघाटकडच्या एखाद्या जिनिंगची साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे. कापसाचा भाव दाखवणारं प्लगइन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, म्हणजेच ॲड-ऑन) किलोचा दर सांगतं, शेतकऱ्याला हवा क्विंटलचा. प्लगइन जीपीएलचं (कोड वापरायची, बदलायची, वाटायची मोकळीक देणाऱ्या लायसन्सचं) असेल तर कोणाला विचारत बसू नका. प्लगइनसोबतच्या रीडमी फाइलमध्ये लायसन्सची ओळ बघा, कोड बदला. वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीतली प्लगइन्स जीपीएल किंवा तिच्याशी जुळणाऱ्या लायसन्सचीच असतात. स्वतःपुरता बदल कुणाला दाखवायचंही बंधन नाही. तेच दुसऱ्या जिनिंगला विकलं, तर मात्र बदललेला कोड जीपीएलखालीच द्यावा लागतो, मूळ लेखकाची कॉपीराइट नोंद खोडता येत नाही. पैसे खुशाल घ्या.

लायसन्सच न लिहिलेल्या ॲड-ऑनचं तसं नाही. फुकट डाउनलोड झालं म्हणजे मोकळं झालं, असं आपल्याकडे सर्रास धरतात. फाटक उघडं दिसलं म्हणून वावर आपलं होते का? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. बदलून वाटायला मालकाची लेखी परवानगी लागते. मालकाला मेल करून काय बदलणार, विकणार की फुकट देणार, हे स्पष्ट लिहा. उत्तर आलं नाही तर तो होकार नव्हे. मी तर तेवढ्या वेळात जीपीएलवालं दुसरं शोधतो.