ग्राफिक्स कार्ड उडालेलं जुनं मशीन: जीटी १०३० टाकून आठ महिन्यांनी

मशीन जुनं आहे: आय५-२४०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, मागाहून टाकलेली एसएसडी. कराडला घरीच डीटीपी करतो. पत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, पत्रिकांची गर्दी, आणि कोरलमध्ये फाइल उघडी असतानाच स्क्रीनभर हिरवे-गुलाबी चौकोन आले नि मशीन अडकलं. रीस्टार्ट केल्यावर सुरुवातीच्या लोगोवरच उभ्या रेघा.

या रेघा कधी दिसतात ते नीट बघा. विंडोज सुरू व्हायच्या आधीच दिसल्या, म्हणजे ड्रायव्हर, व्हायरस, फॉरमॅट यांचा काही संबंध नाही. मग मॉनिटरचं मेनूचं बटण दाबलं. मेनूचा चौकोन स्वच्छ, बाकी सगळीकडे रेघा. तो मेनू मॉनिटर स्वतःच दाखवतो, तेव्हा मॉनिटर ठीक होता आणि संशय ग्राफिक्स कार्डावर. एवढं घरबसल्या कळतं, तरी दुकानात मला ‘बोर्ड गेलाय, नवीन मशीनच घ्या’ असं सांगितलं गेलं. त्याचा राग अजून जात नाही. ज्याला यातलं माहीत नाही त्याचे पंचवीस-तीस हजार असेच जातात.

घरी येऊन कार्ड काढलं, ब्लोअर मारला, सोनेरी पट्टी खोडरबराने घासली, परत बसवलं. रेघा तशाच. मग कार्ड बाजूला ठेवून मॉनिटर थेट बोर्डाच्या व्हीजीएला लावला, तर डिस्प्लेच नाही. इथे बरेच जण हात टेकतात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, पहिला डिस्प्ले कार्डाचा ठरवलेला होता. मेन स्विच बंद करून ती सेटिंग जपणारा बोर्डावरचा सीएमओएसचा सेल पाच मिनिटं काढून ठेवला आणि डिस्प्ले आला. आय५-२४०० मध्ये ग्राफिक्स आतच असतं, म्हणून हे जमलं. पी६७ चिपसेटचा बोर्ड असलेल्यांना ही सोय नाही.

कार्ड एका ठिकाणी हीटगनने दुरुस्त करून घेतलं. बाराशे रुपये गेले, कार्ड सतरा दिवस चाललं. चिपखालचे बारीक जोड तापून-निवून सुटलेले असतात. उष्णता दिली की ते तात्पुरते टेकतात, पण मूळ दोष तसाच राहतो. कुणी हा उपाय सुचवला तर तेवढे पैसे नव्या कार्डासाठी ठेवा, एवढंच सांगेन.

मग एनव्हिडियाचं जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलं. हे फक्त ३० वॅट खातं, एसएमपीएसमधून (मशीनला वीज देणाऱ्या डब्यातून) वेगळी वायर लागत नाही. माझा एसएमपीएस जुना, त्यामुळे मला हेच पाहिजे होतं. भाचा मुंबईला असतो, त्याला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पाठवलं आणि फोन चालू ठेवायला लावला. पहिल्या दुकानातून म्हणाला, “मामा, बॉक्सवर डी४ लिहिलंय, सातशे रुपयांनी स्वस्त देतायत.” मी म्हटलं, ठेव ते परत. एकाच नावाने दोन कार्डं विकली जातात. जीडीडीआर५ वाल्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ वाल्याचा जेमतेम १६.८. फरक जवळजवळ तिपटीचा, आणि बॉक्सवर तो दिसतो मॉडेल नंबरातल्या एका आकड्यात. तिसऱ्या दुकानात डी५ मिळालं, ६,४०० रुपयांना. घरी लावल्यावर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरीचा प्रकार पाहिला, तेव्हाच जिवाला बरं वाटलं.

बसवताना एक गोष्ट आडवी आली. माझा जुना १९ इंची मॉनिटर व्हीजीएचा. आधीच्या कार्डाला डीव्हीआयवर छोटा प्लग लावून तो चालायचा. तोच प्लग नव्या कार्डात शिरेना. टॉर्च लावून पाहिलं तर प्लगच्या चपट्या पात्याभोवती चार पिना, आणि कार्डाच्या सॉकेटला ती चार भोकंच नाहीत. त्या चार पिनांतूनच अॅनालॉग सिग्नल जातो. या कार्डात तो नाहीच. जोर करू नका, पिना वाकतात. मी बायोसमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्सही चालू ठेवलं, जुना मॉनिटर बोर्डाच्या व्हीजीएला लावला आणि २२ इंची कार्डाच्या एचडीएमआयला. दोन्ही गेले आठ महिने मजेत चालू आहेत.

कोरलमध्ये मात्र फरक शून्य. कार्ड दुरुस्तीला होतं ते नऊ दिवस ऑनबोर्डवरच पत्रिका केल्या आणि काम अडलं नाही. एकच मॉनिटर असेल आणि काम फक्त डीटीपीचं असेल तर कार्ड घेऊच नका. मला दोन मॉनिटर लागतात. शिवाय मुलगी याच मशीनवर क्लासचे व्हिडिओ बघते. पूर्वी १०८० च्या व्हिडिओला प्रोसेसर साठ-सत्तर टक्क्यांवर जायचा, आता पंधराच्या आसपास असतो, कारण यूट्यूबचा व्हीपी९ प्रकारात दाबलेला व्हिडिओ हे कार्ड स्वतः उलगडतं. फोटोशॉपमध्ये मोठ्या फोटोवर झूम करतानाचे हिसकेही गेले.

माझं कार्ड बिनपंख्याचं आहे. मे महिन्यात दुपारी ६८ अंशांच्या वर गेलेलं दिसलं नाही, आणि रात्रीच्या कामात मशीनचा आवाज निम्म्यावर आला.

उणीव सांगायची तर व्हिडिओ एन्कोड करायची, म्हणजे दाबून त्याची फाइल बनवायची, सोय या चिपमध्ये नाही. हल्ली पत्रिकेबरोबर व्हॉट्सअॅपसाठी दोन मिनिटांचा व्हिडिओ मागतात, तो एक्स्पोर्ट व्हायला आधीइतकाच वेळ लागतो. ज्यांचं मुख्य काम व्हिडिओचं आहे त्यांनी दुसरं कार्ड बघावं. या पिढीच्या कार्डांना सुरक्षेचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, आणि माझ्या मशीनकडूनही माझी तेवढीच अपेक्षा आहे.