सिंटरक्लास की तीन राजे?

नाताळच्या दिवसांत भेटी आणायचा मक्ता काही एकट्या सांताकडे नाही. डच मुलांचा सिंटरक्लास नोव्हेंबरच्या मध्यावर बोटीने येतो, तोही म्हणे स्पेनहून! मग ५ डिसेंबरपर्यंत मुलं अधूनमधून रात्री बूट मांडून ठेवतात, त्यात त्याच्या पांढऱ्या घोड्यासाठी गाजर घालतात, गाणी म्हणतात. सकाळी गाजर गायब आणि बुटात खाऊ. कधी स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर, अख्खं चॉकलेटचं.

खुद्द स्पेनमध्ये मान बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांचा. ५ जानेवारीला संध्याकाळी मिरवणूक, गोळ्यांची उधळण, रात्री उंटांसाठी पाणी. खोडकरांना कोळसा मिळतो, पण हल्ली तो साखरेचा. असली शिक्षा कोणाला नको? भेटी मात्र ६ तारखेला, सुट्टी संपता संपता. नव्या खेळण्याशी खेळायचं कधी? माझं मत डच मुलांच्या बाजूने.