पाच हजार नावांतून आपले काम वेगळे मांडताना : युरोपियन रिसर्च काउन्सिलच्या ‘स्टार्टिंग ग्रँट’चा अर्ज

ब्रुसेल्सची युरोपियन रिसर्च काउन्सिल २००७ पासून युरोपात मूलभूत संशोधनासाठी अनुदाने देत आहे. तिच्या ‘स्टार्टिंग ग्रँट’साठी मी दोनदा अर्ज केला. पहिल्या वेळी मी पहिल्याच टप्प्यात बाहेर पडलो. दुसऱ्या वेळी मुलाखतीपर्यंत पोहोचलो आणि ‘ए’ श्रेणीही मिळाली, परंतु उपलब्ध निधी यादीत माझ्या क्रमांकाच्या आधीच संपला. म्हणजे पैसे मिळाले नाहीत, आणि तरीही या प्रक्रियेला मी पाचपैकी चार गुण देतो. पीएच.डी. संपवून सर्न (जिनिव्हा), डेझी (हॅम्बुर्ग) यांसारख्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळांच्या परिसरात पोस्टडॉक म्हणून काम करणारे जे मराठी विद्यार्थी आहेत, त्यांच्या मनात या अर्जाविषयी भीती आणि अर्धवट ऐकीव माहिती, दोन्ही असतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

अनुदानाचे स्वरूप आधी सांगतो. पाच वर्षांसाठी कमाल १५ लाख युरो मिळतात. मोठी उपकरणे, मोठ्या सुविधांचा वापर किंवा युरोपाबाहेरून येऊन काम उभे करणे यासाठी २०२४ च्या फेरीत आणखी १० लाखांपर्यंत मागता येत होते. अर्जदार कोणत्याही देशाचा नागरिक असला तरी चालतो; फक्त यजमान संस्था युरोपीय संघातील किंवा संलग्न देशातील असावी लागते. २०२४ च्या फेरीत पीएच.डी. होऊन दोन ते सात वर्षे झालेल्यांना अर्ज करता येत होता. अनुदान व्यक्तीच्या नावावर असल्यामुळे संस्था बदलली तर ते सोबत नेता येते, आणि कायम नोकरी नसलेल्या तरुण संशोधकाला यामुळे विद्यापीठाशी बोलताना जे बळ मिळते ते दुसऱ्या कशाने मिळत नाही. आकड्यांचा हिशेब मात्र पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. प्रत्यक्ष खर्चावर २५ टक्के अप्रत्यक्ष खर्च धरलेला असतो, म्हणजे १५ लाखांपैकी १२ लाख कामाला आणि ३ लाख यजमान संस्थेला. त्या १२ लाखांतून स्वतःच्या वेतनाचा भाग, एक पोस्टडॉक, दोन पीएच.डी. विद्यार्थी, प्रवास आणि सेन्सरची निर्मिती बसवायची म्हटल्यावर रक्कम वाटते तितकी मोठी राहत नाही.

स्पर्धेविषयी खोटी आशा देणार नाही. २०२४ च्या फेरीत सर्व विषय मिळून ३,४७४ प्रस्ताव आले आणि त्यांतले ४९४ मंजूर झाले. हे प्रमाण सातात एक इतके आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या क्षेत्रात या अर्जाचे घोडे नेमके कुठे अडते? सर्नमधील ॲटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाचे मोजमाप एकत्रितपणे प्रसिद्ध केले, तेव्हा त्या शोधनिबंधावर ५,१५४ लेखक होते. ३३ पृष्ठांपैकी २४ पृष्ठे केवळ लेखकांच्या आणि संस्थांच्या नावांची होती. नावे योगदानाच्या क्रमाने येत नाहीत. एखाद्याने दोन वर्षे रात्रपाळ्या करून कॅलरीमीटरचे (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाचे) अंशांकन सांभाळले असेल आणि दुसऱ्याने त्या महिन्यात एकच आकृती काढली असेल, तरी बाहेरच्या वाचकाला दोघांत फरक दिसत नाही. प्रत्येकाचा खारीचा वाटा असतो आणि सेतू सर्वांचा असतो. आमच्या विज्ञानाची घडणच तशी आहे आणि मला ती मनापासून प्रिय आहे. या अर्जाचा नमुना मात्र थेट विचारतो की यात तुमचे काय. जास्तीत जास्त दहा कामे निवडायची आणि प्रत्येकात स्वतः काय केले ते सांगायचे. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांना सरासरी किती उद्धरणे मिळतात तो आकडा) लिहायचा नाही. दहा कामे निवडायला मला तीन आठवडे लागले. प्रयोगाच्या अंतर्गत टिपणांतील जुनी कामे, मी लिहिलेली विश्लेषणाची आज्ञावली, चाचणी-शलाकेच्या (उपकरण तपासण्यासाठी सोडलेल्या कणांच्या झोताच्या) वेळी सांभाळलेली वाचनप्रणाली हे सगळे शोधून काढावे लागले, आणि ज्या शोधनिबंधांचा मला सर्वाधिक अभिमान होता त्यांपैकी निम्म्यांत माझा वाटा एका वाक्यात सांगता येत नाही हे मान्य करावे लागले. हा व्यायाम कुठलाही अर्ज न करतासुद्धा प्रत्येकाने एकदा करावा.

पहिल्या अर्जात मी नेमकी इथेच चूक केली होती. सर्नमधील लार्ज हॅड्रॉन कोलायडर या प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राची तीव्रता वाढल्यावर प्रोटॉनांच्या जुडग्यांच्या एका छेदात सुमारे २०० पर्यंत टकरी एकाच वेळी होतील आणि त्या वेगळ्या करण्यासाठी कणाच्या आगमनाची वेळ ३० ते ५० पिकोसेकंदांच्या (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) अचूकतेने मोजावी लागेल, हे मी तीन पाने भरून लिहिले. ३० पिकोसेकंदांत प्रकाश केवळ ९ मिलिमीटर जातो, हे सांगितल्यावर कोणीही प्रभावित होतो. परंतु ती गरज दोन्ही प्रयोगांनी आधीच ओळखलेली होती आणि त्यासाठीच्या वेळमापक स्तरांचे आराखडेही मंजूर झालेले होते. माझा प्रस्ताव त्या ठरलेल्या बांधकामासाठी आणखी मनुष्यबळ मागणारा अर्ज झाला होता.

हा भेद विद्यार्थ्यांना कुणी समजावून सांगत नाही. ठरलेले डिटेक्टर (कण टिपणारी उपकरणे) बांधण्याचा पैसा देशांच्या संस्था आपसांतील करारांनुसार देतात. भारतात सीएमएसमधील सहभागाला अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग मिळून निधी देतात, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने व चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाने सीएमएसच्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या बांधणीत जो वाटा उचलला, तो अशाच व्यवस्थेतून. तिथे प्रश्न असतो की देशाने स्वीकारलेली जबाबदारी वेळेत पार पडेल का. युरोपियन रिसर्च काउन्सिलचा निकष एकच आहे, वैज्ञानिक उत्कृष्टता, आणि तिथे प्रश्न असतो की ही कल्पना नवी आहे का आणि ती याच व्यक्तीची आहे का. एका खिडकीवरचा अर्ज दुसऱ्या खिडकीवर नेला तर तो चांगला असूनही परत येतो. माझा आला. तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या टप्प्यात ‘बी’ श्रेणी मिळाली तर पुढची एक फेरी अर्ज करता येत नसे, त्यामुळे विचार करायला सक्तीचा वेळ मिळाला.

त्या काळात मी स्वतःच्या टेबलावरच्या गोष्टीकडे परतलो. वेळमापक स्तरासाठी वापरायचे सिलिकॉन सेन्सर मी रोज प्रोब स्टेशनखाली (सेन्सरची विद्युत मोजणी करणाऱ्या उपकरणाखाली) ठेवत असे. एकेक चौकोन १.३ मिलिमीटरचा, सक्रिय जाडी ५० मायक्रॉन. त्यात बोरॉनचा एक पातळ थर असतो, जो आलेल्या विद्युत्भाराचे काही पटींनी वर्धन करतो. किरणोत्सर्गाचा मारा झाला की त्या थरातील बोरॉन निष्क्रिय होत जातो आणि वर्धन कमी होते. थरात कार्बन मिसळला तर ही हानी मंदावते, हे सर्वांना माहीत आहे आणि दोन्ही प्रयोग त्याचा उपयोग करत आहेत. परंतु कार्बनच्या कोणत्या मात्रेला नेमके काय घडते आणि एका खेपेचे सेन्सर दुसऱ्या खेपेपेक्षा वेगळे का वागतात, हा माझा प्रश्न होता. स्लोव्हेनियातील ल्युब्लियानाच्या अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून आणलेल्या नमुन्यांत मला जो फरक दिसत होता, त्याने मला झोप लागू दिली नव्हती. दुसरा अर्ज मी त्या फरकापासून सुरू केला. कोलायडरचे वर्णन अर्ध्या पानावर आले.

अर्जाच्या रचनेविषयी थोडे. माझ्या वेळी पहिल्या भागात पाच पानांचा सारांश आणि चार पानांत जीवनवृत्त व कामगिरी, तर दुसऱ्या भागात चौदा पानांचा संपूर्ण प्रस्ताव होता. संदर्भसूची पृष्ठमर्यादेत धरत नाहीत. पहिल्या टप्प्यात पॅनेल केवळ पहिला भाग वाचते. आपला अर्ज ज्या पॅनेलकडे जातो तिथे कणभौतिकीबरोबर अणुकेंद्र, प्लाझ्मा, अणू-रेणू आणि प्रकाशभौतिकीचे तज्ज्ञही असतात. म्हणजे तुमची पाच पाने अतिशीत अणूंवर काम करणारी व्यक्ती वाचत असण्याची शक्यता मोठी आहे. मी माझा मसुदा लेझर प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीला वाचायला दिला आणि जिथे तिने पेन्सिल थांबवली ते प्रत्येक वाक्य बदलले. विशेषज्ञ बाहेरून दुसऱ्या टप्प्यात येतात, आणि तेव्हा चौदा पानांतल्या प्रत्येक आकड्याचा जाब विचारला जातो.

प्रस्ताव सुधारून देणाऱ्या एका सशुल्क सल्लागार कंपनीचीही मदत मी पहिल्या वेळी घेतली होती. तिने माझ्या वाक्यांत विशेषणे वाढवून दिली आणि भौतिकीला हात लावला नाही. तो खर्च मी पुन्हा केला नाही आणि कुणी करावा असे मला वाटत नाही.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. अर्जासोबत यजमान संस्थेच्या अधिकृत प्रतिनिधीच्या सहीचे हमीपत्र लागते. ते नसेल तर अर्ज अपात्र ठरू शकतो. पहिल्या अर्जाच्या वेळी मी ज्या संस्थेत होतो, तिथल्या कार्यालयाने मला आधीच्या वर्षीच्या नमुन्यावरचे पत्र शेवटच्या दिवशी दुपारी दिले. मुदत ब्रुसेल्सच्या वेळेनुसार संध्याकाळी पाचची होती. नवा नमुना छापून मी सही करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या दाराबाहेर पाऊण तास उभा राहिलो आणि चार वाजून वीस मिनिटांनी पत्र अपलोड केले. त्यामुळे २०२४ च्या फेरीत, जिची मुदत २४ ऑक्टोबर २०२३ ला होती, मी पत्र सप्टेंबरमध्येच हातात घेतले आणि मुदतीच्या दहा दिवस आधी अर्जाची पहिली आवृत्ती सादर करून ठेवली. मुदतीपर्यंत कितीही वेळा नवी आवृत्ती सादर करता येते आणि शेवटची ग्राह्य धरली जाते. ही सोय फार मोलाची आहे.

मुलाखत दूरस्थ पद्धतीने झाली, अर्ध्या तासाहून कमी. सादरीकरणानंतरचा पहिलाच प्रश्न होता : तुम्ही नसतात तरी हे काम प्रयोगाने केलेच असते, नाही का? हाच प्रश्न विचारला जाईल हे मी जाणून होतो आणि तरी घसा कोरडा पडला. मी सांगितले की प्रयोगाला ठरलेल्या तारखेला पुरेसे चांगले सेन्सर बसवायचे आहेत आणि ते बसतील. ते का टिकतात हे शोधायला त्या वेळापत्रकात जागा नाही, आणि पुढच्या पिढीच्या कोलायडरला तेच उत्तर लागणार आहे. पुढचे प्रश्न सगळे भौतिकीचे होते. इतक्या बारकाईने माझे काम त्याआधी कुणी वाचले नव्हते.

निकालासोबत पॅनेलचा अभिप्राय आणि प्रत्येक परीक्षकाचा स्वतंत्र अहवाल मिळतो. चार गुणांपैकी दोन मी या अहवालासाठीच देतो. माझ्या अहवालात एक त्रुटी स्पष्ट लिहिलेली होती : सगळे नमुने एकाच उत्पादकाचे असल्यामुळे निष्कर्ष निर्मितीप्रक्रियेपासून वेगळा करता येणार नाही. आक्षेप पूर्णपणे बरोबर होता. नाकारलेल्या अर्जाचे कारण एका ओळीच्या पत्रात वाचण्याची सवय असलेल्या माणसाला हा फरक किती मोठा आहे हे सांगावे लागत नाही.

कापलेला एक गुण मी व्यवस्थेच्या मूळ कल्पनेसाठी कापला आहे. एका व्यक्तीची एक धाडसी कल्पना हा साचा सिद्धान्तकारांना आणि लहान प्रयोगशाळांना सहज बसतो. डिटेक्टरची वीज, वायू आणि शीतकरण वर्षानुवर्षे सांभाळणारे जे माझे सहकारी आहेत, त्यांच्यावाचून एकही शोध लागला नसता. परंतु त्यांच्या कामाला या अर्जात मांडता येईल असा रकाना नाही. ते अर्ज करत नाहीत, आणि हळूहळू हे क्षेत्र सोडून जातात. हे मी माझ्याच गटात दोनदा पाहिले आहे.

ज्यांना स्वतः अर्ज करायचा नाही त्यांच्यासाठीही एक वाट आहे. २०१७ मध्ये भारताच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाशी झालेल्या व्यवस्थेनुसार भारतीय संशोधकांना अनुदानप्राप्त युरोपीय गटांत काही काळ काम करता येईल अशी तरतूद केली गेली होती. त्या मंडळाचे काम आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे आले आहे, तेव्हा तिथे चौकशी करावी.

माझी पीएच.डी. २०१७ ची, त्यामुळे स्टार्टिंग ग्रँटची ती शेवटची संधी होती. पुढचा अर्ज ‘कन्सॉलिडेटर’ या अधिक अनुभवी संशोधकांच्या गटात, २० लाख युरोंपर्यंतचा. दुसऱ्या उत्पादकाच्या सेन्सरची पहिली खेप मारा पूर्ण होऊन परत आली आहे आणि सध्या आमच्या शीतकपाटात उणे वीस अंशांवर आहे. तिची मोजणी पुरी झाल्यावर मी सारांशाचे पहिले पान लिहायला घेणार आहे.