विश्रामबागेतला भाजीचा टेम्पो: माल चोख, फलक फेका

सांगलीत विश्रामबागेत सकाळी लागणाऱ्या या टेम्पोवर माल ताजा असतो, मेथीच्या पेंडीच्या मुळांना ओली माती तशीच. चाकवत, तांदळी, आंबट चुका, शेपू सगळं मिळतं. थंडीत कवलापूरची गाजरं, नुसती खावीत अशी. आणि मावशी अर्धी पेंडी, पावशेर बीटसुद्धा तोंड वाकडं न करता देतात. दोन माणसांच्या घरात रोज वेगळी भाजी होते ती यामुळंच.

आमच्या ह्यांना बीपी आहे. गोळी चालूच, पण डॉक्टरांनी भाजी-फळं वाढवा म्हणून बजावलं. मग मी जरा वाचलं. बेलफास्टमध्ये बीपी असलेल्या 117 जणांना आठ आठवडे रोज फळं-भाज्यांचे एक, तीन किंवा सहा वाटे खायला लावले होते. 2009 साली निष्कर्ष छापून आले: दर जादा वाट्यामागं रक्तवाहिन्यांची सैल व्हायची ताकद साधारण 6 टक्क्यांनी वाढलेली. पालेभाजी नि बीटमधल्या नायट्रेटचं जिभेवरचे जिवाणू नायट्राइट करतात, पुढं शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिनी सैलावते. जंतुनाशक माउथवॉशनं ते जिवाणूच मरतात, म्हणून ह्यांची ती बाटली मी टाकून दिली. (अजून कुरकुरतात.)

आता तक्रार. टेम्पोला फलक टांगलाय, ‘बीटचा रस प्या, ब्लॉकेज घालवा’. काहीतरीच! रक्तवाहिनीत साचलेली चरबी रसानं धुऊन निघत नाही. वर तो रस गाळलेला, चोथा बादलीत, आणि नको म्हणेपर्यंत दोन चमचे साखर पडलेली असते. शेजारच्या काकांना किडनीमुळं पोटॅशियम जपायचंय, त्यांच्याही गळ्यात मारत होते. अशा माणसांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

फळं मात्र बेताची. डाळिंबं वरून लालचुटूक, आत दाणे काळपट. बदलून दिली, पण ‘फोडल्यावर आम्ही काय करणार’ हे ऐकवूनच. तासगावची द्राक्षं हंगामात बरी असतात, भाव चढा.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते, बटाटा त्यात धरायचा नाही. आमचं निम्मं माप या टेम्पोवरच भरतं. आठच्या आत जा, नंतर चाकवत उरत नाही. सुट्टे पैसे न्या.

भाजीला पाचपैकी साडेचार, फळांना दोन, रसाला शून्य.